सेवा घेणाऱ्याला कोणी विचारलं का?

पदवी हातात पडली की एक वर्ष देशासाठी द्यायचं आणि ते दिल्याचा दाखला असल्याशिवाय नोकरी मिळायची नाही, ही कल्पना दर काही वर्षांनी कुठल्या ना कुठल्या देशात पुन्हा डोकं वर काढते. कधी सीमेवर तणाव वाढला म्हणून, कधी तरुण पिढी बिघडल्याची ओरड वाढली म्हणून, कधी दुर्गम भागातल्या शाळा-दवाखान्यांत माणसं टिकत नाहीत म्हणून. मग वाद पेटतो आणि दोन्ही बाजू आपापली पाठ केलेली वाक्यं म्हणतात. एक म्हणते, शिस्त लागेल, देश कळेल, समाजाच्या पैशावर शिकलात त्याची परतफेड होईल. दुसरी म्हणते, उमेदीचं वर्ष फुकट जाईल, हा स्वातंत्र्यावर घाला आहे. मला या वादाचा राग येतो तो एवढ्यासाठी, की दोन्ही बाजू एकाच माणसाबद्दल बोलत असतात: पदवीधराबद्दल. त्याला काय मिळेल आणि त्याचं काय जाईल, एवढंच. ज्यांची सेवा व्हायची, ते या चर्चेत कुठे आहेत? ज्यांच्या वर्गात दरवर्षी नवा, अध्यापनाचा गंध नसलेला माणूस खडू घेऊन उभा राहणार ती मुलं, जिथे वर्ष मोजत बसलेला तरुण डॉक्टर भेटणार तो रुग्ण, यांना कोणी विचारलं आहे का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पदवीधरांवर लादलेल्या सक्तीच्या राष्ट्रसेवेला माझा विरोध आहे. सेवेला नाही. तरुण माणसाने आपल्या ओळखीच्या जगाबाहेर जाऊन वर्ष-दोन वर्षं काम करावं याइतकी चांगली गोष्ट क्वचितच असेल, आणि मी स्वतः बराच काळ सक्तीच्याही बाजूने होतो. मत बदललं ते पदवीधरांच्या तक्रारी ऐकून नव्हे. जिथे ही योजना खरोखर राबवली गेली तिथला इतिहास वाचताना हळूहळू लक्षात आलं, की सक्ती शेवटी सेवा घेणाऱ्याचंच नुकसान करते. त्याला हक्काने मिळायला हवा होता तो कायमचा शिक्षक किंवा कायमची परिचारिका, आणि त्याच्या पदरात पडतो तो पाहुणा.

आपल्या भाषेला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मन नसताना उरकलेल्या कामाला मराठीत ‘वेठ मारणे’ म्हणतात. वेठ म्हणजे सक्तीचं, बिनमोबदल्याचं काम. आणि ते कसं होतं, याचा शेकडो वर्षांचा अनुभव या दोन शब्दांत साठलेला आहे. त्याच भाषेत ‘श्रमदान’ हाही शब्द आहे, आणि त्यातलं ‘दान’ हुकमाने होत नाही. सक्तीच्या सेवेला सन्मानाचं नाव देण्याची युक्तीही नवी नाही. महार वतनाला गावगाड्यात वतन, म्हणजे हक्क, म्हटलं जाई. प्रत्यक्षात तो दिवसरात्र कोणाच्याही हाकेला धावून जाण्याचा जन्मजात बोजा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, तेव्हा ज्या सेवेची कामं अमर्याद आणि मोबदला बेभरवशाचा, त्या सेवेला मान कसा म्हणायचा, हाच प्रश्न ऐरणीवर आला. ही वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावं लागलं. पदवीधराचं एक वर्ष आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ती गुलामी यांची तुलना होऊच शकत नाही, आणि ती मी करतही नाही. पण ‘सेवा’ हा शब्द ऐकला की हात जोडण्याआधी त्यातली कामं कोणती, मोबदला किती आणि नकाराचा अधिकार कोणाला, हे विचारायची सवय आपण त्या इतिहासातून घ्यायला हवी.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा घेतो: ऋणाचा. विद्यापीठं करदात्यांच्या पैशावर चालतात. ज्यांनी कधी महाविद्यालयाची पायरी चढली नाही त्यांच्याही घामाचा त्यात वाटा असतो. मग पदवीधराने वर्षभर त्यांच्यासाठी राबायला काय हरकत आहे? हा मुद्दा मला मनापासून पटतो. ऋण आहेच. पण ते फेडायची वाट कोणती? शिकलेला माणूस पुढे चाळीस वर्षं कर भरतो, जास्त कमावतो तेव्हा जास्त भरतो, आणि आपलं काम नीट करत असेल तर रोजच फेड करत असतो. पूल बांधायला शिकलेल्या अभियंत्याने चांगला पूल बांधणं ही परतफेड, की त्याने वर्षभर एखाद्या कचेरीत फायली लावणं? शिवाय ऋणाचाच हिशेब असेल तर तो सगळ्यांना लागू व्हायला हवा. सवलतीत जमीन मिळालेला कारखानदार, कर्जमाफी मिळालेला उद्योग, सरकारी रस्त्यांवर धंदा वाढवलेला व्यापारी यांना कोणी एक वर्ष मागत नाही. आणि जिथे योजना आहे तिथे तरी ऋणाचा नियम पाळला जातो का? नायजेरियात खासगी विद्यापीठात पदरचे पैसे भरून शिकलेल्यांना आणि परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांनाही सेवावर्ष चुकत नाही. म्हणजे कारण ऋणाचं नाही. तरुण, एकटे, नोकरीच्या दारात उभे असलेले लोक अडवायला सोपे असतात, हे कारण आहे.

नायजेरियाचं उदाहरण जरा थांबून पाहायला हवं, कारण पदवीधरांच्या सक्तीच्या सेवेचा इतका मोठा आणि इतका दीर्घ प्रयोग दुसरीकडे सापडणं कठीण. १९६७ ते १९७० या काळातल्या यादवी युद्धाने तो देश उभा चिरला गेला होता. त्या जखमेवर उपाय म्हणून जनरल याकुबू गोवॉन यांच्या लष्करी सरकारने २२ मे १९७३ रोजी राष्ट्रीय युवक सेवा दल स्थापन केलं. तिशीच्या आतल्या पदवीधराने आपलं राज्य सोडून दुसऱ्या राज्यात एक वर्ष काम करायचं, आधी तीन आठवडे छावणीत काढायचे, मग शाळेत, दवाखान्यात किंवा कार्यालयात रुजू व्हायचं. वर्षअखेरीचा दाखला नसेल तर नोकरीचे दरवाजे बंद. पुढे १९९९ च्या राज्यघटनेने या दलाच्या कायद्याला असं कवच दिलं, की घटनादुरुस्तीइतकी कठीण प्रक्रिया पार पाडल्याशिवाय तो रद्द करता येत नाही. कल्पना उदात्त होती यात मला शंका नाही. युद्ध संपून तीन वर्षं झालेली, आणि पूर्वेकडच्या मुलाने उत्तरेत, उत्तरेकडच्या मुलीने पश्चिमेत जाऊन राहायचं ठरतं. हे धाडसाचं काम होतं.

त्याचा काही उपयोग झाला का? झाला, आणि विरोधकांनी हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. अर्थतज्ज्ञ ओयेबोला ओकुनोग्बे यांनी या योजनेचा बारकाईने अभ्यास केला आहे. आपल्या वांशिक गटाच्या प्रदेशाबाहेर सेवा केलेल्या तरुणांत देशाबद्दलची आपुलकी वाढलेली दिसली, इतर प्रदेशांची माहिती वाढली, आणि पुढे तिकडे जाऊन राहण्याकडे कलही वाढला. विशेष म्हणजे स्वतःच्या गटाचा अभिमान त्याने पुसला गेला नाही, तोही वाढला. माणूस दोन्ही मनात बाळगू शकतो, हा या अभ्यासातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग. एकात्मतेचा मुद्दा केवळ भाषणबाजी आहे असं म्हणणाऱ्यांनी म्हणूनच जपून बोलावं.

पण हा परिणाम कशातून आला? दुसऱ्या मुलखात राहण्यातून, तिथली भाषा कानावर पडण्यातून, तिथल्या माणसांशी रोजचा संबंध येण्यातून. यातल्या कशालाही नोकरीबंदीची धमकी लागत नाही. शिकत असतानाच एक सत्र दुसऱ्या प्रांतातल्या विद्यापीठात घालवण्यासाठी शिष्यवृत्ती द्या, राहायची सोय करा. तोच सहवास चार वर्षं आधी घडेल, आणि तोही केवळ पदवी पूर्ण करणाऱ्यांपुरता उरणार नाही. दुसरं असं, की एकात्मतेची सर्वांत जास्त गरज जिथे, तिथेच सक्ती पांगळी पडते. एप्रिल २०११ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदान केंद्रांवर काम करण्यासाठी सेवादलातल्या तरुणांना नेमलं होतं. निकालानंतर उसळलेल्या दंगलींत बाउची राज्यात त्यांतल्या १० जणांचा बळी गेला. पुढे बोको हराम या दहशतवादी संघटनेच्या हिंसाचारामुळे बोर्नो आणि योबे या राज्यांत तरुणांना पाठवणं वर्षानुवर्षं थांबवावं लागलं. सरकारने पाठवलं तर मुलं मरतात आणि न पाठवलं तर योजनेचा हेतू मरतो. जो स्वतःच्या इच्छेने धोक्याच्या जागी जातो त्याचं मोल निराळं. ज्याला कागदावरच्या नेमणुकीने तिथे नेऊन सोडलं, त्याच्या मृत्यूचं उत्तर कोणी द्यायचं? त्या १० जणांच्या आईवडिलांपुढे उभं राहून ‘शिस्त लागते’ हा युक्तिवाद करता येईल का?

आता ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांच्याकडे वळू. एखाद्या दुर्गम शाळेत गणिताचा शिक्षक नाही. सेवावर्षावर आलेला पदवीधर तिथे येतो. पहिले दोन-तीन महिने त्याला मुलांची बोली कळत नाही, कुठलं मूल कशात मागे आहे ते कळत नाही, फळ्यावर किती लिहावं आणि किती बोलावं याचाही अंदाज नसतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात जम बसतो. आठव्या-नवव्या महिन्यापासून त्याचं मन पुढच्या नोकरीच्या अर्जांत असतं, आणि त्याबद्दल त्याला दोष कसा द्यायचा? वर्ष संपतं, तो जातो, दुसरा येतो, आणि शाळा पुन्हा पहिल्या महिन्यात जाऊन उभी राहते. पाच वर्षं त्या शाळेत शिकणाऱ्या मुलीला पाच शिक्षक मिळतात, आणि पाचही जण शिकवायला शिकत असतात. शिकवण्याच्या कामात पहिलं वर्ष सर्वांत कच्चं असतं हे कुठलाही मुरलेला शिक्षक सांगेल. मग जिथे सर्वांत अनुभवी माणूस हवा, तिथे कायम पहिल्या वर्षाचाच माणूस पाठवण्याचं धोरण आपण राष्ट्रसेवा म्हणून मिरवायचं? शहरातल्या चांगल्या शाळेच्या पालकांना सांगून पाहा, की तुमच्या मुलांना दरवर्षी नवा, अप्रशिक्षित आणि इच्छा नसताना आलेला शिक्षक देणार आहोत. ते ऐकून घेतील का? जे आपण आपल्या मुलांसाठी क्षणभरही चालवून घेणार नाही, ते इतरांच्या मुलांसाठी उपकार म्हणून द्यायचं, हा विचार मला सहन होत नाही.

इथे कोणी डॉक्टरांचं उदाहरण देईल, आणि ते योग्यच आहे. मेक्सिकोने १९३६ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना समाजसेवा लावली, दक्षिण आफ्रिकेने १९९८ मध्ये नव्या डॉक्टरांसाठी ती सुरू केली. या सक्तीबद्दल माझा विरोध बराच सौम्य आहे. डॉक्टरला निदान कामाचं शिक्षण मिळालेलं असतं, त्याचं काम ठरलेलं असतं, आणि त्याच्यामागे एक यंत्रणा असते, किंवा असायला हवी. पण म्हणूनच हे उदाहरण सरसकट पदवीधरांना लागू पडत नाही. इतिहास, वाणिज्य, संगणक किंवा रसायनशास्त्र शिकलेल्या लाखो तरुणांसाठी तेवढंच नेमकं काम आहे तरी कुठे? आधी माणसं गोळा करायची आणि मग त्यांना काम शोधायचं, असा उलटा प्रवास सुरू झाला की काय होतं, ते नायजेरियात दिसतं. नेमणुकीचं पत्र घेऊन तरुण दारात जातो आणि संस्था त्याला ‘आम्हाला गरज नाही’ असं लिहून परत पाठवते. इतक्यांदा हे घडतं, की नकाराचं पत्र हा तिथल्या सेवावर्षाचा ओळखीचा कागद झाला आहे. ज्याची सेवा करायची तोच ‘नको’ म्हणतो, यापेक्षा स्पष्ट उत्तर आणखी कोणतं हवं?

चीनचा दाखला मात्र मला बराच काळ अडवून धरत होता. डिसेंबर १९६८ मध्ये माओंनी शहरी सुशिक्षित तरुणांना खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांकडून शिकण्याचा आदेश दिला. ती मोहीम संपेपर्यंत सुमारे १ कोटी ७० लाख तरुण डोंगर-खेड्यांत पाठवले गेले. ते बहुतेक माध्यमिक शाळा संपवलेले होते, विद्यापीठाचे पदवीधर नव्हते, पण तत्त्व तेच. या मोहिमेने कितीएक आयुष्यं होरपळली. तरीही अलीकडच्या संशोधनात असं दिसलं, की जिथे हे तरुण जास्त संख्येने गेले तिथल्या खेड्यांतल्या मुलांचं शिक्षण पुढे गेलं. म्हणजे सेवा घेणाऱ्याचा फायदा झाला! माझ्याच कसोटीवर मी हरलो का? थोडं थांबून पाहिलं तेव्हा वाटलं, नाही. ते तरुण एका वर्षाचे पाहुणे नव्हते. अनेकजण वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहिले आणि गावच्या शाळेत शिकवत राहिले. मुलांना फायदा झाला तो शिकलेला माणूस गावात टिकल्यामुळे. मग यातून निघतो तो कायमच्या शिक्षकाचा युक्तिवाद. आणि तो कायमचा शिक्षक एका पिढीचं आयुष्य हिसकावून मिळवायचा, की चांगला पगार, राहायला घर आणि बढतीची हमी देऊन, हे ठरवायला चीनइतकी किंमत मोजायची गरज नाही. १९७८-७९ च्या हिवाळ्यात युन्नानमधल्या तरुणांनी परत जाऊ द्या म्हणून संप आणि उपोषणं केली. ते निघून गेल्यावर त्या शाळांचं काय झालं असेल?

शिस्तीचा आणि निष्ठेचा मुद्दा मी लवकर आटोपतो, कारण तो इतिहासाने वारंवार खोटा ठरवला आहे. इथिओपियात १९७४ च्या अखेरीस लष्करी राजवटीने सुमारे ६०,००० विद्यार्थी आणि शिक्षक खेड्यांत क्रांतीचा प्रसार करायला धाडले. खेड्यांतलं वास्तव आणि राजवटीचा दुटप्पीपणा जवळून पाहून त्यांतले कितीतरी जण तिच्याच विरोधात उभे राहिले. तरुणांना हुकमाने देशभक्त बनवता येत नाही. ते डोळे उघडे ठेवून जातात.

सक्तीचा आणखी एक परिणाम संथपणे होतो, म्हणून नजरेत येत नाही: स्वस्तातले हात मिळाले की राज्य आपली जबाबदारी विसरतं. जर्मनीत १९६१ पासून ५० वर्षं, सैन्यात जायला नकार देणाऱ्या तरुणांना रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत, अपंगांच्या संस्थांत नागरी सेवा करावी लागे. त्या तरुणांमुळे कोणाची पगारी नोकरी जाऊ नये असा नियम होता. तरी २०११ मध्ये सक्तीची लष्करभरती स्थगित होऊन ही सेवाही संपणार असं ठरलं, तेव्हा सेवासंस्थांना धडकी भरली. का? कारण नियमात ते जादा हात होते आणि व्यवहारात संस्था त्यांच्यावरच उभ्या राहिल्या होत्या. प्रत्यक्षात काय झालं? त्याच वर्षी १ जुलैपासून ऐच्छिक सेवा सुरू झाली, स्त्रियांना आणि सर्व वयाच्या लोकांना खुली, आणि वृद्धाश्रम बंद पडले नाहीत. ५० वर्षं जे अपरिहार्य वाटत होतं त्याला पर्याय होता. तो शोधायची गरज कोणाला पडली नव्हती, एवढंच.

हेच गणित फ्रान्समध्ये त्याआधी दोन शतकं मांडलं गेलं होतं. शेतकऱ्यांना वर्षातले काही दिवस राजमार्गांवर फुकट राबवलं जाई. लिमोज प्रांताचे प्रशासक असताना त्युर्गो यांनी हिशेब केला, की ही फुकटची वेठ फार महाग पडते: माणसं लांबून येतात, काम जाणत नाहीत, मन लावत नाहीत, रस्ते लगेच उखडतात, आणि त्यांची शेती पडते ती वेगळीच. त्यांनी कर बसवला आणि त्यातून मजुरी देऊन रस्ते बांधून घेतले. अर्थमंत्री झाल्यावर १७७६ मध्ये त्यांनी देशभर वेठ रद्द केली. त्याच वर्षी त्यांचं पद गेलं आणि वेठ परत आली, कारण कर भरायची पाळी जमीनदार सरदारांवर येणार होती आणि वेठ फक्त शेतकऱ्याच्या पाठीवर होती. मला सक्तीच्या सेवेचं सगळं अर्थशास्त्र या एका प्रसंगात दिसतं. दुर्गम शाळेला शिक्षक देण्याचा खर्च समाजाने करातून वाटून घ्यायचा, की तो नोकरीच्या दारात उभ्या असलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांकडून वसूल करायचा? दुसरा मार्ग फुकट दिसतो, कारण त्याचा खर्च अर्थसंकल्पात लिहिला जात नाही.

आणि जिथे दाखला हाच दरवाजा, तिथे दाखल्याचा बाजार भरतो. २०१८ मध्ये नायजेरियाच्या अर्थमंत्र्यांना सेवेतून सूट मिळाल्याचं प्रमाणपत्र बनावट असल्याच्या आरोपावरून पद सोडावं लागलं. पुढे न्यायालयाने म्हटलं, की त्यांना ती सेवा लागूच नव्हती. घानामध्ये २०२४-२५ च्या राष्ट्रसेवेच्या यादीत १,८०,०३० नावं होती. पडताळणी केल्यावर ९८,१४५ माणसं सापडली. उरलेल्या ८१,८८५ नावांच्या चौकशीचे आदेश २०२५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांना द्यावे लागले. समर्थक म्हणतील, भ्रष्टाचार हा अंमलबजावणीचा दोष आहे, कल्पनेचा नाही. पण दरवर्षी लाखो माणसांना, त्यांच्या इच्छेविरुद्ध, देशभर वाटायचं, तर चांगल्या जागेसाठी वशिला लागणारच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६३ च्या भरती कायद्याने ३०० डॉलर भरून सुटका करून घ्यायची सोय ठेवली होती. ते मजुराच्या जवळपास वर्षभराच्या कमाईइतके पैसे होते. त्या जुलैत न्यूयॉर्क पेटलं, आणि त्या आगीत निरपराध कृष्णवर्णीय माणसं मारली गेली. सक्ती समान असते ती कायद्याच्या पानावर. श्रीमंताचं मूल आपल्या शहरात, वातानुकूलित कार्यालयात वर्ष काढतं, आणि ज्याचं कोणी नाही ते नकाशात शोधाव्या लागणाऱ्या गावी जातं. ज्याच्या कमाईवर घर अवलंबून आहे, त्याच्याच घराला ते वर्ष सर्वांत जड जातं.

सैन्यभरतीची सक्ती चालते तर ही का नाही, असंही विचारलं जातं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. तिच्या १९३० च्या करारात सक्तीच्या श्रमाच्या व्याख्येतून निव्वळ लष्करी स्वरूपाची सेवा वगळली आहे, आणि १९५७ च्या कराराने आर्थिक विकासासाठी सक्तीचे श्रम वापरण्याला स्पष्ट मनाई केली आहे. देशावर हल्ला झाला तर दुसरा मार्ग नसतो. शाळेत शिक्षक नसेल तर एक साधा मार्ग असतो: शिक्षक नेमा. भारतीय संविधानाचं कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं आणि त्याच वेळी सार्वजनिक हेतूसाठी सक्तीची सेवा लावायची मुभा राज्याला देतं, हे खरं आहे. कायद्याने मुभा असणं आणि ते शहाणपणाचं असणं यातलं अंतर भारताने स्वतःच ओळखलं. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या समितीने महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी नऊ महिने ते वर्षभर सक्तीच्या सेवेची शिफारस केली होती. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती स्वीकारली गेली नाही, आणि १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती ऐच्छिक.

उरतो तो एक आक्षेप, आणि तो मला खरोखर अवघड वाटतो. ऐच्छिक ठेवलं तर ज्यांना आधीच कळकळ आहे तेच येतील, किंवा ज्यांना वर्षभर कमावलं नाही तरी चालतं ते येतील. बाकीचे आपल्या कोशात राहतील. हे बऱ्याच ठिकाणी खरं ठरलं आहे. पण त्याचं कारण ऐच्छिकपणा नसून तुटपुंजं मानधन आहे. १९३३ मध्ये महामंदीने पिचलेल्या अमेरिकेने बेरोजगार तरुणांसाठी वनसंवर्धन दल उभारलं. जायची सक्ती नव्हती. महिन्याला ३० डॉलर, त्यांतले २५ घरी पाठवायचे, जेवण आणि राहणं दलाचं. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण त्यात येऊन गेले आणि त्यांनी सुमारे ३०० कोटी झाडं लावली. त्यात स्त्रियांना जागा नव्हती, कृष्णवर्णीय तरुणांच्या छावण्या वेगळ्या होत्या, हे दोष मोठे होते आणि ते झाकण्याचं कारण नाही. पण तिथे आले ते गरिबाघरचे, कारण कामाचा मोबदला घर चालवायला मदत करत होता. पैसे दिले की सेवेचं पावित्र्य जातं असं मानणारे लोक आहेत. त्यांच्या घरी सहसा दर महिन्याला दुसऱ्या कोणाचा तरी पगार येत असतो.

म्हणून मला जी योजना हवी आहे ती पदवीधरांच्या यादीपासून सुरू होत नाही. ती रिकाम्या जागांच्या यादीपासून सुरू होते. कुठल्या शाळेला, कुठल्या दवाखान्याला, कुठल्या पाणलोट प्रकल्पाला नेमका कोणता माणूस किती काळ हवा आहे, हे त्या संस्थेनेच लिहून द्यावं. जिथे कायमची गरज आहे तिथे कायमची नेमणूक व्हावी, आणि सेवेतल्या तरुणाने त्या जागेवर न बसता मुरलेल्या माणसाच्या हाताखाली काम करावं. मुदत निदान दोन वर्षांची असावी, म्हणजे पहिल्या वर्षी शिकलेलं दुसऱ्या वर्षी मुलांच्या उपयोगी पडेल. तीन आठवड्यांच्या कवायतीऐवजी तीन महिन्यांचं प्रशिक्षण, त्या भागातल्या बोलीसकट. पगार त्या कामाला मिळतो तेवढा. दार सगळ्यांना उघडं, पदवी नसलेल्या सुताराला आणि गवंड्यालाही, कारण शाळेचं गळकं छप्पर पदवीने दुरुस्त होत नाही. आणि आलेला माणूस योग्य वाटला नाही तर त्याला नकार देण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला, परिचारिकेला, गावाला असावा. त्या नकाराचं कारण नोंदवलं जावं आणि ते पत्र त्या तरुणाच्या हातात न ठेवता योजना चालवणाऱ्यांच्या टेबलावर जावं.